दोन पटांवरची गोदू

प्रितमला सकाळी उठवायचं म्हणजे दोघींचं काम होऊन बसलं होतं. दिपाली त्याच्या काखेत हात घालायची, सासू राहीबाई गुडघे धरून पाय हळूहळू खाटेखाली सोडायची, आणि तेवढ्या वेळात हा सहा फुटी गडी दात खात 'आई गं, आई गं' करायचा. दोन हजार सहाच्या पावसाळ्यात सांधे धरणारा ताप काल्हेरच्या घराघरात शिरला होता. ताप चार दिवसांत उतरायचा, पण सांधे सोडायचं नाव नाही. प्रितमची मनगटं सुजून टम्म झाली होती. कपाचा कान धरता येईना म्हणून तो दोन तळहातांत बशी धरून चहा प्यायचा, आणि पिऊन झाल्यावर कुणाकडे बघायचा नाही.

"शालेन जातेस ना गो?" राहीबाईने विचारलं. ती पहाटेच खाडीच्या चिखलातले मासे, निवट्या, धरून आली होती, पोटऱ्यांवरचा चिखल वाळून भेगाळला होता. "जा तू, याला मी बघते. पन कायम करायचं काय झालं ते इचार आज मोठ्या बाईला. जन्मभर बदलीवरच राहशील का?"

"विचारते."

"रोज इचारते बोलतेस."

राहीबाईचं चुकत नव्हतं. हे घर एके काळी जमीनवाल्यांत मोडायचं. मग गोडाऊनवाले आले, भाताची खाचरं त्यांना गेली, त्या पैशाचा स्लॅबचा बंगला झाला, एक सुमो आली आणि गेली, आणि शेवटी प्रितम आपल्याच खाचरावर उभ्या राहिलेल्या गोडाऊनचा वॉचमन झाला. दात होते तेव्हा चणे नव्हते म्हणतात. या घरात दोन्ही एकदम आले आणि एकदम गेले. आता महिनाभर तो ड्युटीवर नव्हता. ठेकेदाराने निरोप धाडला होता, दसऱ्यापर्यंत वाट बघतो, मग दुसरा माणूस ठेवतो. म्हणजे उरली दिपाली. माहेरची अकलोलीची, डी.एड. झालेली, आणि चार वर्षं गावोगाव दुसऱ्यांच्या रजेवर शिकवत फिरणारी बदली बाई. कुणी बाळंत झाली, कुणी पाय मोडला, कुणी निवडणुकीच्या कामाला गेला, की हिला बोलावणं यायचं. ज्याची खुर्ची तो परत आला की हिने डबा उचलून निघायचं.

यंदा ती कामतघरच्या एका खासगी संस्थेच्या मराठी शाळेत होती. शाळा म्हणजे कापड विणणाऱ्या लूमच्या शेडना लागून सहा खोल्या. खडू फळ्यावर टेकवला तरी लूमच्या धक्क्याने हात थरथरायचा, आणि लाईट गेली की सगळीकडे अशी शांतता पडायची की पोरं शिकणं सोडून बाहेर बघायची.

त्या दिवशी तिला विचारावं लागलंच नाही. मुख्याध्यापिका सुचेताबाईंनी स्वतःच ऑफिसात बोलावलं. बाई जुन्या भिवंडीतल्या, तीस वर्षं शिकवलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या.

"दिपाली, शनिवारी तपासणी आहे. पाचवी ब तुकडीला तीस मुलं लागतात. आहेत एकोणीस."

"हो बाई."

"तुकडी राहिली तर जागा राहील. जागा राहिली तर शिक्षणसेवक म्हणून तुझंच नाव पाठवणार आहे, अर्ज तयार आहे." त्यांनी खण उघडून दाखवलासुद्धा. "शनिवारी अकरा पाहुणे येतील. तू फक्त पट वाचायचास."

पाहुणे म्हणजे काय हे दिपालीला समजावून सांगायची गरज नव्हती. तालुक्यातल्या कुठल्याही मास्तराला नव्हती. पट कमी पडला की शेजारच्या शाळेतून पोरं मागवायची, गणवेश घालून दिवसभर बसवायची, संध्याकाळी परत पाठवायची. उद्या त्यांच्याकडे तपासणी आली की यांनी पाठवायची. लग्नघरी एकमेकांची पातेली नेतात तितक्या सहज हे चालायचं, आणि पातेल्यांप्रमाणेच पोरांनाही कुणी विचारत नसे.

"हो बाई," दिपाली पुन्हा म्हणाली. तिला आतून बरंच वाटलं होतं. खोटं कशाला सांगा.

शनिवारी सकाळी साडेसात वाजता शाळेच्या मागच्या बाजूला टेम्पो थांबला. मागचा फळका खाली पडला, पोरं उड्या टाकत उतरली, आणि दिपाली पुढे होते न होते तोच ओरडा झाला, "बाईऽऽ! ए, आपल्या बाई हायेत!"

ती बोरपाड्याची पोरं होती. गेल्या वर्षी बोरपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत तिने वर्षभर चौथी शिकवली होती, आणि ही तीच चौथी. सगळी नव्हेत. शाळा सोडून लूमवर, वीटभट्टीवर, हॉटेलात गेलेलीच तेवढी. बोरपाड्याचे रामनाथ गुरुजी हिशोबी माणूस. आपल्या वर्गात बसणारी पोरं दुसऱ्याला देऊन आपल्याकडे खाडा कशाला पाडायचा? म्हणून त्यांनी सुटलेली पोरं हुडकून हुडकून टेम्पोत भरली होती.

सगळ्यात शेवटी गोदू उतरली. वर्षभरात वीतभर उंच झाली होती, पण अंगावर मांस म्हणून नव्हतं. तिची आई हौसा बोरपाडा सोडून कामतघरच्या चाळीत आली होती, आणि मायलेकी दोघी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर बसायच्या. सुताने गोदूच्या उजव्या हाताची दोन बोटं आडवी कापली गेली होती. जखमा भरायच्या आधीच पुन्हा सूत फिरायचं, त्यामुळे तिथे कडा पांढऱ्या पडलेल्या भेगा झाल्या होत्या.

"बाई, तुमी इथं हाय?" गोदू जवळ येऊन हळूच म्हणाली. "गुरुजी बोलला, शालेन बसायचं हाय. मना वाटलं लांबची शाला असंल. ही तर आमच्या चालीच्या मागंच हाय."

दिपालीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. शिपायाची बायको गणवेशाचं गाठोडं सोडून बसली होती. पोरं आडोशाला जाऊन कपडे घालून आली. कुणाची चड्डी गुडघ्याखाली, कुणाचा शर्ट बटणाला ताणलेला. गोदूला मिळालेला निळा फ्रॉक मात्र तिच्यासाठीच शिवल्यासारखा बसला. ती पुन्हा पुन्हा खिशात हात घालून बघत होती. तिच्या कपड्यांना खिसा कधी नव्हता.

मग नावं. दिपालीने यादीतून एकेक नाव वाचून एकेकाला दिलं, आणि विसरू नये म्हणून बॉलपेनाने तळहातावर लिहिलं. हिरामण नावाच्या कुणा मजुराची सुवर्णा नावाची मुलगी जूनमध्ये दाखल होऊन पंधरा दिवसांत गावी निघून गेली होती. तिचं नाव गोदूकडे आलं.

"सुवर्णा हिरामण भोईर," गोदूने म्हणून पाहिलं. "मना हातावर नको बाई. ध्यानात राहील."

अधिकारी अकराच्या सुमाराला आले. घामाने भिजलेले, चेहऱ्यावर कंटाळा. त्यांनी मुंडकी मोजली, तीस भरली. दिपालीने पट वाचला आणि प्रत्येक नावाला 'हजर' आलं. दोन पोरांनी उठायच्या आधी मुठी उघडून तळव्यात पाहिलं, पण साहेब तेव्हा पाणी पीत होते.

"बरं, कुणीतरी धडा वाचून दाखवा," ते म्हणाले. "कुणीही."

नेहमीची एकोणीस पोरं माना खाली घालून बसली, पाहुणी तर भिंतीला टेकली. साहेबांनी पेन उघडलं. सुचेताबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी दिपालीकडे पाहिलं. बोरपाड्याला असं झालं की दिपाली जे करायची तेच तिने आताही केलं. तेव्हाची सवय होती, जीभ आपोआप वळली.

"गोदू, तू वाच."

साहेबांनी पट पुढे ओढला आणि नावांवरून बोट फिरवू लागले. "गोदू? गोदू कोण? यात तर नाही."

सुचेताबाईंचा चेहरा पांढरा पडला. नोकरी, तुकडी, बशी दोन हातांत धरून चहा पिणारा नवरा, सगळं एका क्षणात दिपालीच्या डोळ्यांपुढून गेलं.

आणि गोदू उभी राहिली. फ्रॉक सारखा केला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, घरान मना गोदू बोलतात. शालेन सुवर्णा. सुवर्णा हिरामण भोईर. बाई आमच्या शेजारी राहतात ना, म्हनून चुकतात."

साहेब हसले. "वाच मग, सुवर्णा."

गोदूने वाचलं. बोट ओळीखाली ठेवून, स्वल्पविरामाला थांबून, जसं दिपालीने शिकवलं होतं तसं. वर्षभर पुस्तकाला हात लागला नव्हता तरी एकदोनदाच अडखळली. साहेबांनी शेरा लिहिला: वाचन चांगले, तुकडी चालू ठेवण्यास हरकत नाही. जाताना गोदूच्या पाठीवर थाप मारून ते सुचेताबाईंना म्हणाले, "हिला शिष्यवृत्तीला बसवा."

दीड वाजता वडापाव वाटले आणि गणवेश परत घेतले. दोन पोरांनी काढायला कुरकुर केली, त्यांना शिपायाच्या बायकोने दटावलं. गोदूने डाग पडू नये म्हणून आधी फ्रॉक काढून आपले कपडे घातले, फ्रॉकची घडी घातली, आणि मगच वड्याचा कागद सोडला. खाता खाता ती दिपालीजवळ आली.

"बाई, सोमवारी किती वाजता येव?"

टेम्पोचा ड्रायव्हर हॉर्न मारत होता. दिपालीने इकडेतिकडे पाहिलं. 'येऊ नकोस' एवढंच म्हणायचं होतं, दोन शब्द. ज्या पोरीने दोन तासांपूर्वी आपली लाज राखली तिला ते दोन शब्द कोणत्या तोंडाने म्हणायचे?

"शाळा अकराला भरते," ती म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं. तपासणीचा शनिवार सोडला तर शाळा रोज अकरालाच भरायची.

सोमवारी साडेदहालाच मायलेकी फाटकापाशी उभ्या होत्या. गोदूच्या केसांना तेल चोपडलेलं, दोन वेण्या, बगलेत गेल्या वर्षीचं कोपरे गेलेलं पुस्तक. हौसा लूमवरून तशीच आली होती, भुवयांवर आणि पापण्यांवर सुताचा कापूस.

"बाई, तुमी बोलावलं म्हनून आली," हौसा म्हणाली. "शेठच्या पाया पडले. पोरगी पहाटी सहा ते दहा कांड्या भरंल, मंग शाला. तो हो बोलला. म्हनजे खुशीत न्हाय, पन हो बोलला."

दिपालीने दोघींना ऑफिसात नेलं. सुचेताबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आधीच्या शाळेचा दाखला आणा," त्या हौसाला म्हणाल्या. "दाखल्याशिवाय नाव घालता येत नाही."

"दाखला न्हाय तर मी सुवर्णा होते ना," गोदू मध्येच म्हणाली. तिला ते अगदी सोपं वाटत होतं. "साहेबानं मनाच सुवर्णा म्हनून पायलंय."

मग सुचेताबाईंनी मायलेकींना बाहेर बसायला सांगितलं आणि दिपालीपुढे पाण्याचा पेला सरकवला. "पोरगी हुशार आहे, मलाही कळतं. पण दुसऱ्याच्या नावाने सातवीपर्यंत कशी नेणार? उद्या तिला कागद कुणाच्या नावाचा द्यायचा? दाखला आणला तर मी तिला पुढच्या बाकावर बसवीन, शब्द देते. पण रामनाथ गुरुजी दाखला देणार नाहीत. तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुझ्या नेमणुकीचा आदेश पंधरा दिवसांत येईल. तोवर जपून."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी दिपालीची गत झाली. बाहेर हौसाने तिचा हात धरला. "बाई, तुमी चला संगती. गुरुजी माझा न्हाय ऐकनार, तुमचा ऐकंल. तुमी त्याच्या शालेन शिकवलंय."

घरी दिपालीने सासूला सांगितलं. राहीबाई निवट्या साफ करत होती. विळी न थांबवता ती म्हणाली, "जाऊ नको."

"आई, पोरीने मला वाचवलं."

"म्हनून बोलते, जाऊ नको. उपकार फेडायची ऐपत हाय का आपली?" आणि खाटेवर प्रितम भिंतीकडे तोंड करून पडला होता.

तरीही मंगळवारी ती गेली. सकाळी आठ वाजता तिघी रिक्षाने बोरपाड्याला उतरल्या. रामनाथ गुरुजी शाळेच्या ओट्यावर स्वतः झाडू मारत होते. शिपाई नव्हताच. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला, पायात स्लीपर, सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी. दिपालीला पाहून त्यांना आनंद झाला, त्यांनी चहा मागवला. दाखल्याची गोष्ट निघाल्यावर मात्र त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"गोदू माझ्या पाचवीत आहे," ते म्हणाले. "कालपर्यंत हजर. गेल्याच आठवड्यात माझा पट वर ऑफिसात गेलाय. आता दाखला दिला तर ऑफिस विचारील, या महिन्यात इकडे मोजलेली पोरगी शनिवारी तिकडे कशी मोजली? मग तुमचीही तुकडी उघडी, माझीही."

"गुरुजी, पोरगी दिवालीपासून शालेन न्हाय," हौसा म्हणाली. "गेल्या दिवालीपासून. आमी पाडा सोडला तवापासून. बाईंना इचारा. बाईंच्याच वर्गात होती."

गुरुजींनी दिपालीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीवच होती. ते आत गेले, लोखंडी कपाट खडखडवून उघडलं, आणि गेल्या वर्षीच्या चौथीची हजेरी आणून ओट्यावर ठेवली. नोव्हेंबरचं पान काढलं. मग डिसेंबर, जानेवारी. गोदूच्या नावापुढे ओळीने 'ह, ह, ह'. लांब शेपटीचे, उजवीकडे कललेले.

"हे अक्षर कुणाचं, दिपाली?"

दिपालीचंच होतं. तेव्हा गुरुजीच म्हणाले होते, पोरगी येईल परत, नाव कमी करू नको, पट पडला तर तुझी बदलीसुद्धा जाईल. आणि ती रोज सकाळी मांडत गेली होती. पहिल्या दिवशी हात अडला होता. नंतर नाही.

"तुम्हीच सांगितलं होतंत," ती म्हणाली.

"सांगितलं. पण तोंडाने सांगितलं. हाताने तू लिहिलंस." त्यांनी खिशातलं पेन काढलं, वहीतला एक कोरा कागद फाडला, दोन्ही तिच्यापुढे सरकवलं. "एकच रस्ता आहे. लिहून दे की दिवाळीनंतरची हजेरी मी खोटी मांडली. खाली सही कर. मग मी तिचं नाव तेव्हापासून कमी दाखवतो आणि आत्ता, इथल्या इथे दाखला लिहितो. माझी काय, बोलणी खाईन. तुझं काय होईल ते तुला कळतंय."

कळत होतं. खोटी हजेरी मांडली म्हणून सही करणाऱ्या बाईला कुठलं ऑफिस आदेश देणार? आणि उद्याची बदलीसुद्धा कोण देणार?

हौसाला सगळं नीट कळलं नसावं. पण कागद आणि पेन कळलं. ती पदराने भुवयांवरचा कापूस पुसत आशेने दिपालीच्या हाताकडे बघू लागली.

गोदू मात्र हजेरीवर वाकली होती. कापलेलं बोट आपल्या नावाखाली ठेवून ती एकेक पान उलटत गेली. "बाई," ती नवलाने म्हणाली, "फेब्रुवारीत माझा एकपन खाडा न्हाय."

दिपालीने पेन उचललं. टोपण काढलं. कागदावर 'मी' असं लिहिलं. पुढचं वाक्य तिच्या डोक्यात तयार होतं, दहा शब्दांचं. पण मनगट हलेना. तिला आपल्या नवऱ्याचं सुजलेलं मनगट आठवलं, सासूचं 'ऐपत हाय का' आठवलं, खणातला अर्ज आठवला. हे सगळं खरं होतं, आणि तरीही ही सबबच आहे हेही तिला कळत होतं. ओट्याखाली कोंबड्या चरत होत्या. चहा आला आणि तसाच निवत राहिला. गुरुजींनी घड्याळात पाहिलं नाही की खाकरलेही नाहीत. निदान तेवढं त्यांनी केलं.

गोदूने हजेरी मिटली. आधी तिने त्या एका 'मी'कडे पाहिलं आणि मग बाईंच्या तोंडाकडे. अकरा वर्षांची पोर, पण सूत तुटायच्या आधी त्याचा आवाज बदलतो तो ओळखायला शिकलेली.

"आये, चल," ती म्हणाली. "मना न्हाय शिकायचं. मना शाला आवडतच न्हाय."

"अगं पन रात्री तूच..." हौसा म्हणाली.

"न्हाय आवडत बोलते ना! चल, कांड्या राहिल्यात."

शनिवारी साहेबापुढे तिला खोटं किती सफाईने जमलं होतं. आज नाही जमलं. हनुवटी हलत होती आणि ती दाबायला तिने पुस्तक तोंडापुढे धरलं होतं. ओट्यावरच्या बाकीच्या तिघांनाही ते खोटं दिसत होतं. एकीने 'नाही, थांब' म्हटलं असतं तर ते तिथंच मोडलं असतं, आणि ते म्हणायचं कुणी हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

दिपालीने पेनाला टोपण लावलं.

"बरं," ती म्हणाली.